वाक्यातली जागा

सर गेले, असं मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस हातातलं काम बाजूला ठेवतो आणि चेहरा पाडतो. मग मला सांगावं लागतं की वारले नाहीत, शाळेतून गेले. गिरगावात घरी आहेत, तब्येत ठणठणीत आहे, रोज सकाळी चौपाटीपर्यंत चालत जातात. सर स्वतः हजर असते तर त्यांनी मला तिथल्या तिथे अडवलं असतं. "कुठून गेले ते आधी सांग ना. नुसतं क्रियापद फेकून लोकांना घाबरवायचं, ही काय पद्धत झाली?"

आमची शाळा लालबाग आणि परळच्या मध्ये, उड्डाणपुलाला अगदी खेटून आहे. मी तिथेच शिकले आणि आता तिथेच क्लार्क आहे. सर तीसेक वर्षं मराठी माध्यमाच्या आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवत होते. बुटके, काटकुळे, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. लग्न केलं नाही. का केलं नाही असं एकदा स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, "पत्रिका छापून आली असती आणि मी ती वाचली असती."

इंग्रजी व्याकरणात त्यांना एकाच गोष्टीचं वेड होतं, ॲडव्हर्ब फ्रेज. बाकी काळ, प्रयोग, 'अ' आणि 'द' ते घाईघाईत उरकून टाकायचे. "'अ'च्या जागी 'द' पडला तर कुणी मरत नाही," असं म्हणायचे. पण क्रिया कशी झाली, कुठे झाली, कधी झाली, कशासाठी झाली हे सांगणारे ते तीन-चार शब्द, 'विथ केअर', 'इन अ हरी', 'ऑन मंडे', यांची जागा चुकली की त्यांचा आवाज चढायचा. आम्हाला वाटायचं, यांच्या घरात चोरी झाली असावी.

दादरला एका दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यावर इंग्रजी पाटी होती. तिचा अर्थ असा, की इथे दात काढले जातात, न दुखता, फक्त बुधवारी. सर आत गेले, नंबर लावला, अर्धा तास बसले, आणि नंबर आल्यावर खुर्चीत न बसताच विचारलं, "डॉक्टर, गुरुवारी किती दुखतं?" डॉक्टरला काही कळेना. सर म्हणाले, "तुमचा 'ऑन वेन्सडेज' 'विदाउट पेन'ला जाऊन चिकटलाय. म्हणजे इतर दिवशी तुम्ही दुखवून काढता." डॉक्टरने त्यांना सभ्यपणे बाहेर काढलं. ही गोष्ट सरांनीच आम्हाला वर्गात सांगितली. स्वतःला बाहेर काढल्याचा भाग ते अगदी रंगवून सांगत.

काळाचौकीच्या एका मंडळाने गणपतीत परदेशी पाहुण्यांसाठी इंग्रजी बॅनर लावला होता, 'प्लीज टेक दर्शन ऑफ बाप्पा विदाउट शूज'. सर रांगेतून बाहेर पडून मंडपाच्या ऑफिसात गेले आणि कार्यकर्त्यांना म्हणाले, "बाप्पाच्या पायात बूट नाहीत हे दिसतंय आम्हाला. बूट पाहुण्यांनी काढायचेत ना?" पोरं आधी चक्रावली, मग खो खो हसली. बॅनर काही बदलला नाही. त्यानंतर सर त्या गल्लीतून निघाले की मागून आवाज यायचा, "ए, विदाउट शूज आला रे." सर मागे वळून म्हणायचे, "आता बरोबर. आता तो माझ्या नावाला लागलाय."

आतापर्यंत तुम्ही हसत असाल. लोक हसतातच. सरांच्या गोष्टी सांगायला लागलं की कुणालाही वाटतं, काय मजेचा माणूस होता. मला ते मजेचे कधी वाटले नाहीत. आधी भीती वाटायची, नंतर राग यायला लागला, आणि राग जायची वेळ आली तेव्हा मी जे केलं त्यामुळे तो जायला जागाच उरली नाही.

शिकवण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती. "मराठीत क्रियापद शेवटी येतं," ते सांगायचे. "सगळे शब्द त्याची वाट बघत बसलेले असतात, म्हणून कुणी थोडं इकडेतिकडे बसलं तरी चालून जातं. इंग्रजीत क्रियापद लवकर उठून जातं. मग मागे राहिलेली फ्रेज जो शेजारी सापडेल त्याला चिकटते. फ्रेज म्हणजे बदली कामगार. ज्या खात्यात उभी कराल तिथलं काम करणार. साच्यावर, म्हणजे मिलच्या मागावर, उभी केलीत तर साचा चालवेल, हातात झाडू दिलात तर झाडेल. तिचा दोष नाही. उभं कुणी केलं ते बघा."

बदली कामगार म्हणजे मिलच्या फाटकावर रोज सकाळी उभा राहणारा माणूस. आत कुणाची गैरहजेरी असेल त्याच्या जागी त्याला घ्यायचे, नसेल तर घरी पाठवायचे. वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप तेच करत आलेले. माझेही. मिल बंद पडेपर्यंत माझे वडील बदलीच राहिले, नंतर वरळीला एका बिल्डिंगवर वॉचमन झाले. सर गिरगावातले, दोन पिढ्या कारकुनी केलेल्या घरातले. त्यांना तो शब्द कुठेतरी सापडला असणार आणि आवडला असणार. आमच्या घरात तो शब्द कुणाला आवडत नव्हता.

मी नववीत असताना वडील वारले. सरांच्या वर्गात रजेचा अर्ज इंग्रजीतच द्यायचा, असा नियम होता. आईला लिहिता येत नव्हतं. मीच लिहिला आणि खाली तिची वाकडीतिकडी सही घेतली. मला म्हणायचं होतं की वडील वारल्यामुळे मी चार दिवस गैरहजर होते. मी लिहिलं, 'माय फादर एक्स्पायर्ड फॉर फोर डेज सो आय वॉज ॲबसेंट'.

सरांनी तो मोठ्याने वाचला आणि वर पाहिलं. "चार दिवसांसाठी वारले? मग पाचव्या दिवशी आले का परत?"

वर्ग हसला. आमच्या चाळीतली दोघं-तिघं हसली नाहीत. मी हसले. हे मला अजून सहन होत नाही. सगळे हसतात म्हणून मीही हसले, तोंडावर हात ठेवून.

त्यांना आपण काय बोललो ते कळलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी पाठ फिरवली आणि फळ्यावर बरोबर वाक्य लिहिलं, 'आय वॉज ॲबसेंट फॉर फोर डेज बिकॉज माय फादर एक्स्पायर्ड'. 'फॉर फोर डेज'खाली रेघ मारली. म्हणाले, "उतरवून घ्या." पन्नास मुलांनी उतरवून घेतलं. त्या दिवशी पन्नास वह्यांमध्ये माझे वडील वारले.

पुढच्या रविवारी सर काळाचौकीला आमच्या खोलीवर आले. आई पांढरी साडी नेसून विहारात निघाली होती, ती थांबली. तिने चहा केला. सरांनी तो बशीत ओतून सगळा प्यायला, आणि आईने ते मनात ठेवलं. नंतर शेजारच्या मावशीला तिने दोनदा सांगितलं, "चहा घेतला हो त्यांनी. नाय म्हनले नाय." गिरगावच्या जुन्या घरातल्या माणसाने आपल्या घरचा चहा घेतला, एवढ्यावर तिने त्यांना सगळं माफ करून टाकलं. मला त्या दोघांचाही राग आला.

सर एका शब्दाने चुकलो म्हणाले नाहीत. आईला म्हणाले, "हिचं इंग्रजी वाईट नाही. फक्त जागा चुकतात. रविवारी पाठवत चला." मग ते दर रविवारी गिरगावहून बसने यायचे आणि विहाराच्या हॉलमध्ये आम्हा बारा-तेरा मुलांना शिकवायचे. एक पैसा घेतला नाही. जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि वर्तमानपत्राच्या कडेला वाक्यं लिहून द्यायचे. एकच फ्रेज चार ठिकाणी ठेवायला लावायचे आणि चार वेगळे अर्थ सांगायला लावायचे. बाराजणांत मला ते सगळ्यात लवकर जमलं. वर्षभरात मी कुठलंही वाक्य घेऊन, एकही शब्द न बदलता, त्याचा अर्थ फिरवून दाखवायला लागले. सर खूश व्हायचे. "हिला कळलं," असं बाकीच्यांना सांगायचे.

त्या इंग्रजीवर मी कॉलेज केलं आणि त्याच इंग्रजीवर शाळेच्या ऑफिसात लागले. उपकार करणाऱ्या माणसावर राग धरणं फार कष्टाचं काम आहे. मी ते वीस वर्षं नेटाने केलं.

ऑफिसात मी कंत्राटावर होते. अकरा महिने झाले की एक महिना घरी, मग पुन्हा नवी ऑर्डर. अशी सात वर्षं काढली. तेवढ्यात मराठी माध्यमाचे वर्ग रोडावत गेले. पाचवी बंद झाली, मग सहावी, सातवी. आठवी, नववी आणि दहावीची एकेक तुकडी कशीबशी उरली. संस्थेला ती इमारत कुठल्याशा इंटरनॅशनल बोर्डासाठी हवी होती. पण तुकडी चालू आहे तोवर शिक्षकाला हलवता येत नाही, आणि सर तुकडी बंद पडू देत नव्हते. जून आला की ते डिलाईल रोडच्या आणि काळाचौकीच्या चाळींतून दारोदार फिरायचे. "मुलाला आमच्याकडे घाला, इंग्रजी मी बघतो," म्हणायचे. कुणी दारातून परत पाठवायचे, कुणी पाणी द्यायचे. तरी दरवर्षी दहा-अकरा मुलं ते घेऊन यायचेच.

सरांना निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. ती त्यांना वर्गात काढायची होती. दुसरं काही नको होतं त्यांना, बढती नको, सत्कार नको. खडू हातात असताना तीन वर्षं जावीत, एवढंच. हे शाळेतल्या सगळ्यांना माहीत होतं, संस्थेच्या सेक्रेटरींनाही.

सेक्रेटरी वयाने सरांपेक्षा लहान. बोलायला गोड. त्यांनी लायब्ररीत मीटिंग बोलावली आणि मराठी तुकड्यांचा विषय काढला. सर स्टाफचे प्रतिनिधी होते, इतिवृत्तावर त्यांची सही लागायची. मीटिंगमध्ये ते नेहमी इंग्रजीतच बोलायचे, कारण इतिवृत्त इंग्रजीत लिहिलं जायचं, ते मीच लिहायचे, आणि भाषांतरात कुणी आपली फ्रेज हलवू नये असं त्यांचं म्हणणं होतं.

सेक्रेटरी म्हणाले, "सर, बघा ना, पोरं कुठे आहेत आता? तुम्ही पण थकलात. किती दिवस खेचणार?"

सर उभे राहिले. "आय शॅल रिटायर ऑन द क्लोजिंग ऑफ द लास्ट मराठी डिव्हिजन." म्हणजे, शेवटची मराठी तुकडी बंद होईल तेव्हा मी जाईन. त्याआधी नाही, हे त्यात न बोलता आलं होतं. बोलून ते खाली बसले. सेक्रेटरींना त्यातलं रिटायर तेवढं नीट ऐकू आलं असावं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक पाकीट होतं, त्यावर माझं नाव.

"मॅडम, तुमची पर्मनंटची ऑर्डर तयार आहे. फक्त सही राहिलीय माझी," ते म्हणाले. "आणि कालचे मिनिट्स जरा नीट लिहा हां. सर स्वतःच्या तोंडाने बोलले ना, रिटायर होतो म्हणून? तेवढं क्लिअर आलं पाहिजे."

"ते तसं म्हणाले नव्हते," मी म्हटलं.

"शब्द तर तेच होते ना? मी कुठे खोटं लिहा म्हणतोय? तुम्ही सरांच्याच हाताखाली शिकलात. तुम्हाला काय सांगायचं?"

त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं, काय हवं तेवढंच माहीत होतं. कसं करायचं ते त्या इमारतीत दोघांनाच कळत होतं, सरांना आणि मला.

मी जागेवर येऊन बसले. आई त्या वेळी गुडघ्यांनी आजारी, खोलीत आम्ही दोघीच. सात वर्षं दर अकराव्या महिन्याला ती विचारायची, "परत घेतील ना गं?" हे मी कारण म्हणून सांगते आहे. कारण खरं आहे, पण ते पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. टाइप करताना मला चांगलं वाटलं होतं, हेही खरं आहे. नववीतली ती मुलगी माझ्या शेजारी बसली होती आणि तिला बघायचं होतं की आता सर काय करतात.

इतिवृत्ताच्या रीतीप्रमाणे 'आय शॅल'चं 'ही सेड दॅट ही वुड' केलं, बाकी एकही शब्द घातला नाही, एकही काढला नाही. फक्त शेवटची फ्रेज उचलून सुरुवातीला नेली. 'ऑन द क्लोजिंग ऑफ द लास्ट मराठी डिव्हिजन, ही सेड दॅट ही वुड रिटायर.' आता त्याचा अर्थ झाला, शेवटची मराठी तुकडी बंद करण्याच्या विषयावर ते म्हणाले की मी निवृत्त होतो. आधी ती फ्रेज निवृत्तीला लागलेली होती, आता बोलण्याला लागली. अट होती तिचा विषय झाला.

पुढे काय झालं ते शाळेत सगळ्यांना माहीत आहे. त्या इतिवृत्ताच्या आधारावर संस्थेने ठराव केला की सरांची इच्छा आम्ही मान्य करतो. अर्जाचा नमुना पुढे ठेवला, सरांनी तोही भरला. युनियनचे एक गृहस्थ आले होते. "सर, केस करा. हे टिकणार नाही," म्हणाले. सरांनी सांगितलं, "खाली माझी सही आहे." वर्षाअखेरीला ते गेले. मराठी तुकडी अजून बंद झालेली नाही. या वर्षी दहावीत नऊ मुलं आहेत. त्यांना इंग्रजी पी.टी.चे सर शिकवतात, गाइड उघडून. मी पर्मनंट आहे.

सरांनी सही का केली, यावर स्टाफरूममध्ये पुष्कळ चर्चा झाली. थकले होते, असं काही म्हणतात. वाचलंच नसेल, असं नव्याने आलेले म्हणतात. सर वाचल्याशिवाय बसचं तिकीटसुद्धा खिशात ठेवत नसत.

इतिवृत्तावर सही करायला ते मधल्या सुट्टीत ऑफिसात आले होते. मी टाइप केलेलं पान लावून रजिस्टर पुढे केलं. ते खिडकीपाशी उभे राहून वाचू लागले, नेहमीसारखे ओठ हलवत. पहिला विषय झाला, दुसरा झाला, तिसऱ्यावर बोट थांबलं. ते थांबणार हे मला माहीत होतं. माझी सगळी भिस्त त्यावरच होती. त्यांनी चिडावं, लाल पेन काढून त्या वाक्यावर फुली मारावी, शिपायासमोर मला अडाणी म्हणावं, असं मला वाटत होतं. मग मी मूळ वाक्य पुन्हा टाइप केलं असतं आणि सेक्रेटरींना सांगितलं असतं की सर मान्य करत नाहीत. कोरं पान मी मशीनजवळ काढून ठेवलं होतं.

"हे तू लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"ऑन द क्लोजिंग पुढे कसं आलं?"

"मी आणलं."

"घाईत?"

मी हो म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. घाईत झालं सर, हे वाक्य मी विहाराच्या हॉलमध्ये शंभर वेळा म्हटलेलं होतं. आता मात्र तोंडातून निघेना.

"नाही सर," मी म्हटलं. "विचार करून."

त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मोठ्याने, स्वल्पविरामापाशी नीट थांबून. मग खाली सही केली आणि तारीख घातली.

"सर, चूक असेल तर करा ना दुरुस्त," मी म्हटलं. "मी पान बदलते. आत्ता बदलते."

त्यांनी रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं. बाहेर सुट्टी संपल्याची घंटा झाली होती आणि त्यांना नववीवर जायचं होतं.

"चूक असती तर केली असती," ते म्हणाले. "तू चुकली नाहीस."